कुत्रीची उसण

आमची आत्या पायाळू होती. जन्मताना डोक्याच्या आधी पाय बाहेर आले, यात तिचं स्वतःचं कर्तृत्व काही नव्हतं. पण तेवढ्या भांडवलावर तिनं जन्मभर गल्लीत मान मिळवला. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण निघून जाते, असं आमच्याकडे सगळेच मानत. आमचं घर नागपूरच्या इतवारीत, भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत होतं. तिथं ओझं उचलणाऱ्यांची वाण नव्हती, त्यामुळे उसणींचीही नव्हती. पोतं उचलताना कंबर धरली, हातगाडी ओढताना पाठीत चमक निघाली, झोपेत मान आखडली, की माणूस सकाळी चहासुद्धा न घेता आमच्या ओट्यावर हजर. हमाल यायचे, तसे दिवसभर गादीवर बसून पाठ गेलेले व्यापारीही यायचे, आणि ओट्यावर सगळे सारखेच पालथे पडायचे. आत्या पदर खोचून, भिंतीला हात टेकून, डाव्या पायाचा अंगठा त्यांच्या पाठीवर वरून खाली फिरवायची, शेवटी टाचेनं एक हलकी लाथ द्यायची आणि म्हणायची, "ऊठ गा आता. मांगं पाहू नोको."

मागं न पाहता चालू लागायचं, हा एक नियम. दुसरा त्याहून कडक होता. पाय घेतल्यावर दिवे लागेपर्यंत आडवं व्हायचं नाही. हिंडायचं, कामं करायची, शरीर हलतं ठेवायचं. जो झोपला त्यानं पायावर विश्वास ठेवला नाही असं धरलं जायचं, आणि त्याची उसण उलटून दुपटीनं परत येते असं आत्या सांगायची. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे वाईट झालं ते या दुसऱ्या नियमापायी झालं.

या कामाचं ती काही घेत नसे. घेतलं की गुण जातो म्हणायची. पायाळू माणसाला वीज ओढून घेते, हेही ती तितकंच खरं मानायची, त्यामुळे आभाळ गडगडलं की उसणी काढणारी ही बाई माजघरात चटईवर हात-पाय पोटाशी घेऊन बसायची. मला हसू यायचं. हसलं की ती म्हणायची, "हास वं पोट्टी हास. माह्यावर पडन वीज तवा कोन रांधून घालते तुले ते पाहू."

यात खोटं काही नव्हतं. तिचं लग्न खाप्याला झालं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी तिला पेटीसकट आणून माहेरी सोडलं. पुढं माझी आई गेली. मला वाढवलं ते आत्यानंच. या गोष्टीच्या वेळी मी टेलिफोनच्या कचेरीत ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम करत होते, लग्नाचं वय उलटून चाललं होतं, आणि आत्याशी भांडल्याशिवाय मला जेवण जात नव्हतं. बाबा भांड्यांच्या दुकानात विक्रीला होते. ते आम्हा दोघींनाही हो म्हणायचे, आणि मग दुकानाची वेळ झाली म्हणून निघून जायचे.

कुत्री आली तीही या पायापायीच. धरमपेठेत एका बंगल्यातल्या बाईंना कमरेचा त्रास होता. सगळे डॉक्टर झाल्यावर कुणीतरी त्यांना आमच्या आत्याचं सांगितलं, आणि त्यांनी मोटार पाठवून आत्याला नेलं. बरं वाटलं त्यांना. का वाटलं मला माहीत नाही. त्यांच्याकडे एक लांबोडकी, बुटकी विलायती कुत्री होती, आणि तिला रस्त्यावरच्या कुठल्या तरी बहाद्दरापासून पिल्लं झाली होती. आत्या काही घेत नाही म्हटल्यावर बाईंनी एक पिल्लू तिच्या ओटीत घातलं. कुत्र्याला नको म्हणायचा नियम आत्यापाशी नव्हता.

तिचं नाव आत्यानं आमच्याच एका नात्यातल्या बाईवरून ठेवलं होतं, म्हणून ते इथं लिहीत नाही. रंग गावठी, कान गावठी, आवाज तर अगदीच इतवारीचा. पण धड आईवर गेलं होतं. पाठ ही एवढी लांब आणि पाय चार बोटांचे. चालायला लागली की गल्लीतली माणसं हातातलं काम सोडून बघायची. "आत्याबाई, कुत्री घेतली का पाट घेतला?" असं म्हणायची. आत्या चिडायची. तिनं आयुष्यात स्वतःचं म्हणून काही मागितलं नव्हतं. ही मात्र तिची होती. मला तिनं आईच्या जागी वाढवलं खरं, पण मी भावाची. कुत्री कुणाचीच नव्हती, फक्त तिची. हे तिनं मला एकदा तोंडावर सांगितलं होतं आणि मला वाईट वाटलं होतं.

आखूड पायांची असूनही तिला उंच जागीच बसायचं असायचं. ओट्यावर, खाटेवर, माडीच्या जिन्यावर. चढायची धडपडत आणि उतरायची उडी मारून. अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात ती खाटेवरून उतरली आणि तिथेच उभी राहिली. पाठीची कमान करून, मान आखडून, डोळे वर. आत्यानं उचलायला हात घातला तर अशी केकाटली की समोरच्या घरातली माणसं दारात आली. वाटीत दूध दिलं, तर मान खाली नेईना. वाटीकडे नुसती बघायची आणि अंग थरथरायचं. तिची ती नजर मला अजून सहन होत नाही.

आत्याचं निदान तयार होतं. "उसण भरली तिले."

गल्लीतल्या प्रत्येकापाशी काहीतरी उपाय होता. कुणी मोहरीचं तेल गरम करून चोळायला सांगितलं, कुणी विटकरीनं शेकायला, कुणी डोकेदुखीची गोळी गुळात घालून द्यायला. एका पैलवान गृहस्थानं तिची मान दोन्ही हातांत धरून एक झटका देऊ म्हटलं. एका झटक्यात मोकळी होते म्हणे. त्याला मी ओट्यावरून खाली उतरवलं. माझ्या रागाचा आयुष्यात एवढा एकच सरळ उपयोग झाला असेल. मी बाबांना दुकानातून बोलावलं, सायकलरिक्षा केली आणि तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथं म्हशी, बैल, टांग्याचे घोडे. डॉक्टर पुण्याकडचे, नव्यानं बदलून आलेले, बारीक चणीचे. कुत्रं बघून त्यांना आनंदच झाला. त्यांनी पाठीच्या एकेका मणक्यावर हळूच बोट दाबत नेलं. एका जागी ती कळवळली तिथं थांबले. मणक्यांच्या मधली गादी सरकून आतली दोरी दाबते आहे, असल्या लांब कुत्र्यांना होतं, म्हणाले.

"यावर औषध म्हणजे आराम. निदान महिना-दीड महिना. चालवायचं नाही, जिना नाही, उडी तर नाहीच. एका लहानशा जागेत कोंडून ठेवा. लघवीपुरतं उचलून बाहेर न्या, लगेच आत. गळ्यातला पट्टा काढून टाका. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ सपाट राहिली पाहिजे. वाटी तोंडाच्या उंचीला ठेवा. चोळायचं नाही, ओढायचं नाही, माणसांच्या गोळ्या तर चुकूनही द्यायच्या नाहीत, पोटात रक्तस्राव होतो." मग त्यांनी सुई टोचली, पुड्या बांधून दिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "यानं दुखणं कमी होईल. खरा धोका तेव्हाच आहे. दुखत नाही म्हटलं की ती उड्या मारायला बघेल. बरी दिसली म्हणून सोडू नका. आणि मागचे पाय लटपटायला लागले किंवा लघवी थांबली, तर त्याच घडीला घेऊन या."

हे सगळं आत्यानंही ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "एवढा शिकला अन् झोपवून ठेवा म्हन्ते. झोपून कोनाची उसण गेली गा?"

बाबा म्हणाले, "बाई, डाक्टर म्हन्ते तसं करून पाहू."

"पुन्याचा हाय तो. त्याले काय कळते."

तरी पहिले दिवस तिनं सगळं नीट केलं, हे सांगितलं पाहिजे. माझ्यापेक्षा नीट केलं. बाबांनी दुकानातून एक लाकडी खोकं आणलं, पितळेची भांडी ज्यात गवतात बांधून यायची तसलं. एक बाजू काढून ते माजघरात ठेवलं, खाली पोतं दुमडून घातलं, म्हणजे तिचे पाय घसरू नयेत. आत्यानं भाताचा गंज उपडा घालून त्यावर दुधाची वाटी ठेवली, आणि कुत्री मान न वाकवता प्यायला लागली तेव्हा आत्याच्या डोळ्याला पाणी आलं. लघवीला न्यायची वेळ झाली की दोन्ही हातांवर तिला घेऊन अंगणात जायची, अगदी देवाचं ताट नेल्यासारखी. तिला स्वतःला गुडघ्यांचा त्रास होता. वाकताना हुंकार निघायचा, पण कुत्रीची पाठ हलायची नाही. मी कामावरून आले की ती खोक्यापाशी बसलेली असायची. भाज्या तिथंच निवडायची, तांदूळ तिथंच. ते दिवस मला चांगले आठवतात. आम्ही भांडलोही नाही.

मग कुत्रीचं दुखणं कमी झालं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. थरथर थांबली, मान हलायला लागली, मला बघून शेपटी खोक्यावर आपटायला लागली. पण त्याच आठवड्यात एका सकाळी मी माडीवरून खाली आले, तर आत्या खोक्यात एक पाय घालून उभी. भिंतीला हात टेकलेला. डाव्या पायाचा अंगठा कुत्रीच्या पाठीवरून जेमतेम टेकवत नेत होती. इतका हलका पाय तिनं कुणा माणसाला कधी लावला नव्हता. त्या पायानं कुत्रीला काहीही झालं नाही, होणं शक्य नव्हतं. मी बघितलं तेव्हा मलाही त्यात काही भ्यावंसं वाटलं नाही. उलट थोडं हसू आलं.

"हास," आत्या म्हणाली. "पन दोन दिवसांत उठून नाई बसली तं सांग मले."

दोन दिवसांत ती उठून बसली. सुईचा आणि पुड्यांचा गुण होता तो, पण पुण्याच्या माणसाला त्याचं श्रेय कोण देतो? गल्लीभर झालं की आत्याबाईचा पाय जनावरालेही लागू पडते. माणसं बघायला आली. कुणी गूळ आणला, कुणी बिस्किटं. मी कितीही तोंड वाजवलं तरी त्या गर्दीत माझं कोण ऐकणार होतं? आणि खरं सांगायचं तर आत्याचा चेहरा असा फुलला होता की बोलवेना. सासरी कोणी तिला माणसात धरलं नव्हतं. तिच्या पायाखाली अख्खी इतवारी पालथी पडून गेली होती, पण आपल्या जिवाचं काही वाचवायला तो पाय पहिल्यांदाच कामी आला, असं तिला वाटत होतं.

त्यानंतर तो दुसरा नियम आडवा आला. पाय घेतला की झोपायचं नाही.

"पाय देला मी तिले," आत्या म्हणाली. "आता पेटीत झोपवून ठेवू काय? उलटन ते."

"मग पाय द्यायचाच कशाला होता?"

"काहून नाही द्यायचा? लोकायले द्याव अन् आपल्या लेकराले नाई?"

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलं आहेस. बरी दिसली म्हणून सोडू नका म्हणाले."

"त्याले मालूमच नाई ना पायाचं. त्याच्या मतानं ते बिनापायाची हाय. त्याचं बरोबर हाय त्याच्या जागी." हे ती अगदी समजूतदारपणे म्हणाली. "पाय लागल्यावर कायदा बदलते वं."

दोन औषधं होती आणि एक कुत्री. एका औषधाला ती झोपून हवी होती, दुसऱ्याला चालती. दोन्ही एकदम देता येत नव्हती, आणि आत्याला तर पक्कं वाटत होतं की झोपवून ठेवलं तर आपणच तिचा घात करू. ती हट्टी होती म्हणून असं वागली, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही. ती भीत होती. उसण उलटेल म्हणून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

बाबांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे तोडगा काढला. सकाळी थोडं चालवायचं, बाकी दिवस खोक्यात. म्हणजे दोघांचंही राहिलं. मी खूप ओरडले, एक ताट आपटलं, आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून गेले. मी माझ्यापरीनं सगळं सांगितलं होतं, आणि त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. दोष द्यायला कुणीतरी असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

रोज सकाळी आत्या तिला अंगणात हळूहळू चालवायची. काही झालं नाही. तेच वाईट झालं. रोज काही न होता एकेक दिवस जात राहिला, आणि आत्याची भीती ओसरली, बाबांची गेली, माझासुद्धा आवाज कमी झाला. माणूस किती दिवस एकटाच ओरडत राहणार?

पोळा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबती निघतात. पिवळी आणि काळी, अशा दोन बायांचे मोठाले पुतळे. त्यांच्यामागं ढोल, ताशे, फटाके, आणि हजारो माणसं ओरडत असतात की खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, सगळी रोगराई घेऊन जा गे मारबत. घरात कुणी आजारी असलं की त्याला त्या दिवशी दारापर्यंत आणून बसवायची पद्धत आमच्या घरात होती. लहानपणी गोवर झाला तेव्हा मलाही आत्यानं असंच ओट्यावर बसवलं होतं. राहिलेलं दुखणं मारबत घेऊन जाते.

त्या दिवशी माझी ड्यूटी दुपारची होती. मी माडीवर खिडकीपाशी केस विंचरत होते. ढोल जवळ आले म्हणून खाली पाहिलं, तर ओट्याच्या कडेला आत्या आणि बाबा उभे, आणि आत्याच्या पायाशी कुत्री. चारी पायांवर, मोकळी. आत्या हात जोडून होती. मारबतीकडे बघून तीही ओरडत होती, आणि काय ओरडत होती ते ऐकू येत नसलं तरी मला कळत होतं. मी वरून हाक मारली. "आत्या! बाबा! धरा तिला!" गजांवर कंगवा आपटला. खाली कुणीही वर पाहिलं नाही.

फटाक्यांची माळ आमच्या दारासमोरच लागली. कुत्री दचकली आणि आतल्या बाजूला न जाता पुढं, ओट्यावरून गल्लीत, तिच्या नेहमीच्या सवयीनं उडी मारून उतरली.

एकदाच ओरडली. तो आवाज ढोलांतूनही मला वर ऐकू आला. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. खाली गेले तेव्हा माणसांनी तिच्याभोवती थोडी जागा केली होती. ती घराकडे यायला निघाली होती. पुढचे पाय चालत होते, मागचे जमिनीवर आडवे पडून तिच्यामागं ओढले जात होते, आणि तिला त्याचं काही नवल वाटत नव्हतं.

आत्यानं काय करावं? तिनं पदर खोचला. भर गल्लीत, मारबत समोरून जात असताना, बाबांच्या खांद्याला धरून तिनं डावा पाय उचलला, कुत्रीच्या पाठीवरून वरून खाली नेला आणि म्हणाली, "ऊठ वं बाई आता. मांगं पाहू नोको."

कुत्री उठली नाही. मान वळवून आत्याकडे पाहत राहिली.

गर्दी सरेपर्यंत रिक्षा गल्लीत येणं शक्य नव्हतं. खोक्याचं झाकण होतं, त्यावर तिला आम्ही सपाट घेतलं आणि वाट पाहत बसलो. आत्या तिच्या अंगावर पडलेले फटाक्यांचे कागद पदरानं झटकत राहिली. रस्ता मोकळा झाला तेव्हा दुपार टळून गेली होती. मी कामावर गेले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. बघूनच त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तिला पोटाखाली धरून उभं केलं, मागचे पंजे उलटे पडले ते पाहिलं. मग बोटांनी तिच्या मागच्या पंजाला चिमटा काढला. पाय किंचित आखडला. बाबा एकदम म्हणाले, "हालवला! हालवला ना, डाक्टर?"

"नुसता पाय आखडला म्हणजे तिला कळलं असं नाही," डॉक्टर म्हणाले. "तो आपोआप आखडतो. कळलं तर ती मान वळवेल, ओरडेल, मला चावायला येईल." त्यांनी लोखंडी चिमटा उचलला आणि तिच्या बोटाचं हाड त्यात धरून दाबलं. जोरानं दाबलं. कुत्री दाराकडे पाहत होती. दारात कुणाचा तरी बैल उभा होता, तो तिला बघायचा होता. डॉक्टरांनी दुसऱ्या पायाचं बोट धरलं. ती बैलाकडेच पाहत राहिली, आणि जीभ बाहेर काढून धापा टाकत राहिली.

आत्या पुढं सरकली. तिचा चेहरा उजळला होता. "पाहा," ती म्हणाली. "दुखनं गेलं पुरं. एवढं दाबलं तरी हूं नाई का चूं नाई. दुखतच नाई तिले आता."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. बाबा मान खाली घालून चपलेकडे पाहायला लागले. डॉक्टर माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलले. पाठीतली दोरी पार गेली असावी. खालच्या अंगातलं तिला काही कळत नाही. लघवीही आता आपण पोट दाबून काढायची. मोठं ऑपरेशन कुठं होत असेल तर त्यांना माहीत नव्हतं, नागपुरात नव्हतं. "दोन-तीन दिवस घरी चिमटा काढून बघत राहा. एकदा जरी ओरडली तरी थोडी आशा धरता येईल. नाही ओरडली, तर मग घेऊन या," ते म्हणाले, आणि घेऊन या म्हणजे कशासाठी, ते त्यांनी आत्याकडे न बघता सांगितलं.

आत्याला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. दिवसभर मी परक्या लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या तारेवरून जोडून देत असे. ही मला स्वतःच्या तोंडानं द्यायची होती. दवाखान्याच्या पायरीवर तिच्याजवळ बसून मी सांगितलं. आत्या, दुखत नाही हेच वाईट आहे. दुखत होतं तोवर ती जागा जिवंत होती. तिनं ओरडायला पाहिजे होतं.

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग कळलं. तिनं पायाचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाली, "वराडली तं वाचन म्हन्ते का तो?"

"हो म्हणतात."

कुत्री पुढं ओरडली नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं आशा लावून बसू नये. काही दिवसांनी आम्ही तिला परत तिथं नेलं, आणि येताना रिक्षात तिघंच होतो. त्याबद्दल मला लिहायचं नाही. पण त्या दिवशीची घरी जातानाची वाट मला टाळता येत नाही.

बाबा मागून सायकलवर येत होते. रिक्षात मी आणि आत्या, आणि आमच्या मांडीवर ते झाकण, त्यावर कुत्री. रस्त्यावर फुटलेल्या फटाक्यांचे कागद पडले होते, दुकानं उघडायला लागली होती. आत्यानं एक हात कुत्रीच्या तोंडाशी ठेवला होता. दुसऱ्या हातानं तिनं तिच्या मागच्या पायाचं एक बोट धरलं आणि दाबलं. थांबली. मग नखानं दाबलं. मग पदरानं बोट पुसून, नीट धरून, सगळा जोर लावून दाबलं. या कुत्रीचं केकाटणं बंद व्हावं म्हणून तिनं काय काय केलं नव्हतं.

"वराड वं बाई," आत्या म्हणत होती. "एकदा वराड. चाव मले. एकदा तरी वराड."

मी तिचा हात सोडवायचा प्रयत्न केला, पण तो सुटेना. आणि कुत्री, मागं आपल्याला काय होत आहे याचा पत्ता नसलेली, तिचा दुसरा हात चाटत होती.